क्राफ्टवेर्कची मैफल: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी तिकीट, जागा, कान आणि परतीची गाडी

गोदाकाठ_सिंथ

जुन्या इलेक्ट्रॉनिक गटांच्या मैफलींना नाशिकमधून जाणाऱ्यांचे प्रश्न निरनिराळ्या धाग्यांवर विखुरलेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. मध्यभागी क्राफ्टवेर्क धरलंय. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला हा गट काढला. श्नायडर २०२० मध्ये गेले, १९४६ साली जन्मलेले ह्युटर आजही मंचावर उभे राहतात. यांचा कार्यक्रम नीट ऐकायला जमलं की टँजरीन ड्रीम, डिपेश मोड किंवा मुंबईत होणारा कुठलाही मोठा इलेक्ट्रॉनिक कार्यक्रम ऐकताना तीच जाण कामी येते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, ही डीजे नाइट नाही. चार माणसं, चार उभी कन्सोल (वाद्यांची मेजं), अंगावर रेषांच्या जाळीचे पोशाख आणि मागे रंगमंचाच्या रुंदीचा पडदा. निवेदन नाही, गप्पा नाहीत. गाणी एकमेकांत गुंफलेली असतात आणि पडद्यावरचं चित्र ठोक्याठोक्याला ध्वनीशी बांधलेलं असतं. साधारण दोन तासांचा कार्यक्रम. आधी दुसऱ्या कलाकाराचं अर्ध्या-पाऊण तासाचं सादरीकरण बहुधा नसतं, त्यामुळे 'मुख्य गट काय नऊनंतरच येणार' हा आपला हिशेब इथे चालत नाही. जर्मनीतल्या तिकिटावर दोन वेळा असतात, दरवाजे उघडण्याची आणि कार्यक्रम सुरू होण्याची. दुसऱ्या वेळेला दिवे मंदावतात असंच धरून चाला.

आता मुद्द्याचं. किती पैसे मोजले यापेक्षा कुठे उभे राहिलात यावर या गटाचं संगीत किती ऐकू येईल हे ठरतं. पहिल्या रांगेसाठी धक्काबुक्की करू नका. सभागृहात शिरल्यावर आधी मिक्सिंग डेस्क, म्हणजे आवाज जुळवायचं टेबल, शोधा. ती बहुधा मधोमध, मागच्या बाजूला, कठड्याच्या आत असते. तिच्या पुढे पाच-सात मीटर, मध्यरेषेपासून दोन-तीन पावलं बाजूला, ही जागा धरा. साउंड इंजिनियर जे ऐकून फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) हलवतो, जवळजवळ तेच तुम्हाला ऐकू येतं.

पुढच्या रांगेत काय बिघडतं? मोठ्या सभागृहात स्पीकर्सच्या माळा, म्हणजे लाइन अ‍ॅरे, उंच टांगलेल्या असतात. त्यांचा ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा तीक्ष्ण आवाज, अरुंद पट्ट्यात फेकला जातो आणि पहिल्या तीन-चार रांगांच्या डोक्यावरून निघून जातो. त्या रांगांसाठी रंगमंचाच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, पण बेस, म्हणजे खर्जातला आवाज, येतो शेजारच्या सबवूफरमधून (फक्त बेसचा स्पीकर), छाती दणाणेल असा. सगळा तोल खालच्या पट्टीकडे झुकतो. क्राफ्टवेर्कच्या बाबतीत हे जास्त बोचतं, कारण त्यांचा बराचसा आवाज व्होकोडरमधून येतो. व्होकोडर बोलण्याच्या ध्वनीचे पट्टे पाडून त्यांची चढ-उतार सिंथच्या (सिंथेसायझरच्या) स्वरावर बसवतो. शब्द कळतात ते स, श, च, ट अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांची ऊर्जा ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असते. ट्रेबल डोक्यावरून गेला की राहतो नुसता गुणगुणाट.

---

सबवूफर_सातपूर

छान धागा, वाचनखूण साठवली. मध्यरेषेपासून 'दोन-तीन पावलं बाजूला' यामागचं गणित देतो, कारण पुष्कळ जण बरोबर उलटं करतात आणि एका बाजूच्या स्पीकरसमोर जाऊन उभे राहतात.

समजा डावीकडचे आणि उजवीकडचे सब (सबवूफर) एकमेकांपासून १२ मीटरवर आहेत आणि तुम्ही रंगमंचापासून २० मीटरवर. अगदी मध्यरेषेवर दोन्हीकडचा बेस एकाच क्षणी पोचतो आणि बेरीज होते, एका बाजूपेक्षा ६ डेसिबल जास्त. आता उजव्या सबच्या थेट समोर या. उजवा सब २० मीटरवर आणि डावा साधारण २३.३ मीटरवर पडतो. फरक ३.३ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर सुमारे ५२ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी नेमकी तेवढीच. म्हणजे एका सबची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली. दोन्ही एकमेकींना खातात आणि बेस ड्रमचा गाभाच गायब होतो. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहून बेस कमी ऐकू येतो तो यामुळे.

मध्यरेषेपासून दोन मीटरवर हाच फरक सव्वा मीटरहून कमी असतो. त्यामुळे आवाज गायब होण्याचा हा खड्डा १५० हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि तिथवर सबवूफरचं काम संपलेलं असतं. म्हणून ती जागा चांगली. मध्यरेषेची बेरीजही जास्त होत नाही, खड्डाही लागत नाही.

सब रंगमंचासमोर सलग ओळीने मांडलेले असतील तर हा त्रास बराच कमी होतो. आत शिरल्यावर रंगमंचाच्या पायथ्याशी काळे खोके सलग आहेत की दोन ढिगांत, हे बघून घ्या. दोन ढिगांत असतील तर पहिल्या गाण्यात चार पावलं डावी-उजवीकडे सरकून पाहा. फरक इतका स्पष्ट असतो की मोजमापाची गरज पडत नाही.

खुल्या मैदानात अजून एक भानगड. मागे उंच मनोऱ्यांवर जास्तीचे स्पीकर असतात. त्यांना मुद्दाम उशीर दिलेला असतो, कारण ३४ मीटर अंतराला ध्वनीला ०.१ सेकंद लागतो. तुम्ही मनोऱ्याच्या मागे असाल तर ठीक. त्याच्या बरोबर बाजूला किंवा जरा पुढे उभे राहिलात तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. क्राफ्टवेर्कच्या संगीतात ठोक्यांमधली रिकामी जागा हीच खरी वीण आहे. ती जागा प्रतिध्वनीने भरली तर सगळा गिचका होतो.

---

पंचवटी_पोलॅरॉइड

ध्वनीचं पटलं. पण या गटाचं अर्धं काम पडद्यावर आहे. ते कुठून चांगलं दिसतं? थ्रीडी चष्मे देतात असं वाचलंय. चष्मा लावणाऱ्यांचं काय?

---

गोदाकाठ_सिंथ

सुदैवाने दोन्हीची जागा एकच आहे. थ्रीडीची खोली पडद्याच्या मधोमध, पडद्याच्या रुंदीच्या एक ते दीड पट अंतरावर उत्तम दिसते. अगदी पुढे बाजूला उभे राहिलात तर पुढे आलेल्या वस्तू तिरप्या, ताणल्यासारख्या दिसतात.

त्यांच्या सगळ्याच दौऱ्यांत थ्रीडी नसतं. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये २०१२ मध्ये आठ रात्री आठ अल्बम वाजवले गेले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही तशीच मालिका झाली, तेव्हापासून थ्रीडी हीच त्यांची ओळख झाली. नंतरच्या काही दौऱ्यांत साधा पडदा आणि दिव्यांची कन्सोल आहेत. तिकिटाच्या वर्णनात 'थ्रीडी' लिहिलंय की 'मल्टिमीडिया', ते वाचा.

चष्मे प्रवेशद्वारावर मिळतात, पुठ्ठ्याचे. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी पुठ्ठ्याचा चष्मा वरून घालायचा. तो घसरतो, म्हणून खिशात दोन छोट्या क्लिपा ठेवा आणि काड्या एकमेकींना पकडा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी त्याच लावा. काच बोटांनी पुसू नका, तेलकट डाग पडला की उजळ रेषांभोवती धुकं दिसतं. रेषीय ध्रुवीकरणाच्या चष्म्यात मान तिरपी केली की दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळतात. खांद्यावर मान टाकून बघायची सवय असेल तर तेवढे दोन तास सोडा.

स्पेसलॅब या गाण्याच्या वेळी पडद्यावर ज्या शहरात कार्यक्रम आहे त्याचाच नकाशा येतो आणि तबकडी तिथे उतरते. तेव्हा डोकं मोबाइलमध्ये असू नये. मोबाइलचं निघालंच आहे तर, एलईडी पडद्याचं चित्रण करताना काळे पट्टे सरकतात ते शटरमुळे. युरोपात किंवा आपल्याकडे शटर १/५० सेकंदावर बांधून ठेवलं की बहुतेक वेळा जातात. एक गाणं टिपा आणि मोबाइल ठेवून द्या, मागच्या माणसालाही पडदा बघायचा असतो.

---

कानसेन_इंदिरानगर

कानांबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नाशिक ढोलच्या पथकात वाजवणाऱ्यांनीही हे वाचावे, गणित तेच आहे.

अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटे. मैफलीच्या ठिकाणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल अशी आहे. जर्मन मानक अर्ध्या तासाची सरासरी ९९ म्हणते. म्हणजे सगळे नियम पाळूनही दोन तासांच्या कार्यक्रमात मोकळ्या कानाचा कोटा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपतो.

उपाय इअरप्लग, पण कोणते हे महत्त्वाचे. मेडिकलच्या दुकानातले फोमचे प्लग ट्रेबल जास्त कापतात आणि बेस कमी. वर व्होकोडरच्या व्यंजनांबद्दल लिहिले आहे, ती नेमकी जातात. संगीतासाठीचे फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. १०० चे ८५ झाले की दोन तास निर्धास्त. आवाज लहान होतो, पण पोत बदलत नाही.

बसवण्याची रीत: उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या आणि कानाची वरची कड वर-मागे ओढा, मग उजव्या हाताने प्लग आत सरकवा. फोमचाच असेल तर आधी बोटांत वळून अगदी बारीक करा आणि आत गेल्यावर अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, तो फुगेपर्यंत. पाकिटावरचा डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. सैल बसला तर संरक्षण निम्म्यावर येते. तपासायला स्वतःचेच बोलणे ऐका. ते डोक्याच्या आत घुमल्यासारखे वाटले तर प्लग बरोबर बसला.

दरवाजातून आत जाण्यापूर्वी लावा. आवाज सुरू झाल्यावर लावले तर कान आधीच्या पातळीशी तुलना करतात आणि 'काही मजाच नाही' म्हणून लोक काढून टाकतात. आधीपासून लावलेले असतील तर दोन-चार मिनिटांत कान जुळवून घेतो. कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजत राहिली तर ती कानाला इजा झाल्याची खूण आहे. दुसऱ्या दिवशीही टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, वाट पाहू नका.

लहान मुलांना नेणार असाल तर प्लगऐवजी कानावर बसणारे मफ घ्या.

आणखी एक. पडद्यावर आणि दिव्यांत झपाट्याने उघडझाप असते. अपस्मार असणाऱ्यांना सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप त्रासदायक ठरू शकते. तसे काही वाटू लागले तर दोन्ही डोळे मिटण्यापेक्षा एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि पडद्याकडे पाठ करा.

---

लहरी_देवळाली

एक प्रश्न प्रत्येक वेळी निघतो, म्हणून विचारूनच टाकतो. चौघे जण कन्सोलमागे उभे असतात, हात दिसत नाहीत. खरंच वाजवतात का?

---

व्होल्टेज_नियंत्रित

वाजवतात, पण 'वाजवणे' म्हणजे काय हे या गटाने पन्नास वर्षांत बदलत नेले आहे, आणि त्याची कारणे तांत्रिक आहेत.

१९७४ च्या ऑटोबान अल्बमच्या काळात हाताशी मिनीमूग, ईएमएस सिंथी आणि आर्प ओडिसी हे सिंथ होते. याच सुमारास धातूच्या चकत्यांवर धातूची कांडी टेकवली की सर्किट पूर्ण होऊन तालाचा आवाज निघेल असे ड्रम त्यांनी घडवले. गटातले वोल्फगांग फ्ल्युर ते उभ्याने वाजवत. १९८१ च्या कॉम्प्युटर वर्ल्ड दौऱ्यात त्यांनी आपला क्लिंग क्लांग स्टुडिओच उचलून रंगमंचावर इंग्रजी व्हीच्या आकारात मांडला. त्या दौऱ्यात मुंबईलाही कार्यक्रम झाला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. (पुढच्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. शिकागोत अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहण्याच्या काही वर्षे आधी. त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.)

अ‍ॅनालॉग यंत्रे मंचावर का त्रास देतात? त्यांचा स्वर व्होल्टेजवर ठरतो, एका सप्तकाला एक व्होल्ट. म्हणजे एका अर्धस्वराला सुमारे ८३ मिलीव्होल्ट. तापमान बदलले की ट्रान्झिस्टरचे वागणे बदलते, आणि ८ मिलीव्होल्टचा फरक पडला तरी स्वर अर्धस्वराच्या दहाव्या हिश्शाने सरकतो. तयार कानाला तेवढे खटकते. म्हणून असा सिंथ किमान अर्धा तास आधी चालू करून गरम होऊ द्यावा लागतो. सभागृह रिकामे असताना जुळवलेला स्वर माणसे भरल्यावर आणि दिवे लागल्यावर हलतो. असे पाच-सहा सिंथ घेऊन रोज नव्या शहरात जाणे किती जिकिरीचे होते ते यावरून कळावे. २००० नंतर त्यांनी सगळे लॅपटॉपवर आणले, त्याचे मोठे कारण हेच.

आजच्या रचनेत प्रेक्षकांकडून पाहता अगदी डावीकडे ह्युटर असतात. गायन, व्होकोडर आणि कीबोर्डवरच्या मुख्य सुरावटी त्यांच्याकडे. शेजारी हेनिंग श्मिट्झ, गेऑर्ग बोनगार्ट्झ आणि फाल्क ग्रीफेनहागेन. पडद्यावरचे चित्र ग्रीफेनहागेन मंचावरूनच चालवतात. तालाचा सांगाडा संगणकात बांधलेला असतो. त्यावर आवाजांचा रंग, फिल्टर, प्रतिध्वनी, कुठला थर कधी आत घ्यायचा आणि कधी काढायचा हे हाताने होते.

ओळखायची खूण हवी असेल तर ऑटोबानच्या मधल्या भागात किंवा ट्रान्स-युरोप एक्सप्रेसच्या सुरावटीत ह्युटर यांचा उजवा हात बघा. सुरावट दर वेळी किंचित वेगळ्या जागी उचलली जाते, क्वचित एखादा स्वर घसरतोही. मूळ अल्बम, २००५ चा मिनिमम-मॅक्सिमम हा थेट मैफलींचा अल्बम आणि २०१७ चा थ्रीडी कॅटलॉग असे एकच गाणे तीनदा ऐकून जा. काय गोठवलेले आहे आणि काय हलते आहे ते लगेच उमगते. रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीत तर शब्दही बदललेत. १९७५ मध्ये गाणे तटस्थ होते. १९९१ च्या आवृत्तीत 'थांबवा' हा शब्द आला आणि चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफिल्ड, हिरोशिमा ही नावे आली. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानी ओळी आल्या, त्यासाठी र्युइची साकामोतो यांनी मदत केली होती.

---

पासपोर्ट_नाशिकरोड

युरोपला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात.

तिकीट विक्री तिथल्या सकाळी १० ला उघडली तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारचे १:३०, हिवाळी वेळेत २:३०. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो. आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार दोन्ही चालू आहेत का ते बघा. व्यवहार अडकण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे पत्त्यात आपला सहा आकडी पिनकोड. जर्मन फॉर्म पाच आकडे मागतात. देश 'भारत' आधी निवडा, मग पत्ता भरा. पाठवणीत कागदी तिकीट न घेता मोबाइल किंवा छापायचं तिकीट घ्या. तिकिटावर नाव छापलेलं असेल तर दुसऱ्याच्या नावाचं तिकीट परस्पर विकत घेऊ नका, आयोजकांच्या अधिकृत पुनर्विक्रीतूनच घ्या. दारात ओळखपत्र मागू शकतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात मुंबईतल्या केंद्राची वेळ मिळायलाच वेळ लागतो, म्हणून तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री त्याच देशाकडे. मैफल ड्युसेलडॉर्फला आणि पाच रात्री पॅरिसला असतील तर अर्ज फ्रान्सकडे. मैफलीचं तिकीट अर्जाला जोडा, प्रवासाचं कारण त्यातून स्पष्ट दिसतं, पण त्याच्या भरवशावर विमानाचं परत न होणारं तिकीट काढू नका.

तिथल्या बहुतेक सभागृहांत ए-४ कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. हिवाळ्यात जाड कोट बाहेर जमा करावा लागतो. संपल्यावर त्या खिडकीशी मोठी रांग लागते, शेवटची ट्राम गाठायची असेल तर तो वेळ धरा.

---

कसारा_घाट

मुंबईत कार्यक्रम असेल तर आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस आपलाच असेल असं धरू नका. म्हणून मैदानी कार्यक्रम १० ला संपतो आणि त्यासाठी वेळेवर सुरू होतो. बंदिस्त सभागृहाला ही वेळमर्यादा नाही, तिथे शेवट लांबू शकतो.

जाताना पंचवटी एक्सप्रेस सोयीची. येताना ती नाही, ती संध्याकाळीच सुटते. महालक्ष्मी किंवा वरळीहून दहाला निघालात तर मध्यरात्रीनंतर सीएसएमटीहून सुटणारी महानगरी एक्सप्रेस बघा, ठाणे-कल्याणलाही थांबते आणि पहाटे नाशिक रोडला उतरवते. वेळापत्रक त्या आठवड्यात पुन्हा तपासा. आणि इथेच पुष्कळ जण फसतात: गाडी रात्री बारानंतर सुटते, म्हणून आरक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं हवं. शनिवारच्या कार्यक्रमाला रविवारच्या तारखेचं तिकीट. शनिवारचं काढलंत तर ती गाडी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच निघून गेलेली असते.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला असाल तर सीएसएमटीला उलटं जाऊ नका. नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठा आणि तिथून गाडी पकडा. स्टेडियममधून स्टेशनवर पोचायला गर्दीत पाऊण तास सहज जातो.

कारने येणार असाल तर माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रात्री ट्रकांची रांग असते. तिथून पुढे आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ पासून खुला आहे, कसारा घाट टळतो. दुचाकीला समृद्धीवर मनाई आहे. चालवणारा संध्याकाळभर मैफलीत उभा राहिलेला नसावा. वेगळा चालक घ्या नाहीतर मुक्काम करून सकाळी निघा.

---

लहरी_देवळाली

उत्तम माहिती, आभार. एक कल्पना आहे. जाणाऱ्यांनी आधी एकत्र बसून मोठ्या आवाजावर ऐकावं असं वाटतं. गंगापूर रोडच्या बाजूला शंभरेक माणसांचा हॉल मिळू शकेल. काय काय लागेल?

---

सबवूफर_सातपूर

शंभर माणसांना दोन १२ इंची टॉप (बेस सोडून बाकीच्या आवाजाचे स्पीकर) आणि दोन १८ इंची सब पुरे. सब डावे-उजवे ठेवू नका, दोन्ही मधोमध एकमेकांना चिकटवून ठेवा आणि मोनो चालवा. वर सांगितलेला खड्डा मुळातच पडत नाही. टॉपचा मध्य बसलेल्यांच्या कानापेक्षा फूटभर वर, तोंड शेवटच्या रांगेकडे. आवाज मधल्या खुर्चीवर ८५ डेसिबलच्या आसपास, ऐकण्याच्या बैठकीला तेवढा पुष्कळ.

हॉल निवडताना मधोमध एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या घुमण्याची शेपटी एक सेकंदाहून लांब ऐकू आली तर मागच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगा. मात्र याने फक्त ट्रेबल मरतो. बेसचं घुमणं तसंच राहतं, ते कमी करायला सब भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढावे लागतात.

लॅपटॉप चार्जरला लावून मिक्सरला जोडला की घुंऽऽ असा आवाज येतो. तो ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा, अर्थिंगच्या दोन वाटा झाल्यामुळे. ५० हर्ट्झ जवळजवळ अगदी खालच्या पाश्चात्त्य 'जी' स्वरावर पडतो, त्यामुळे बेसच्या ओळीत तो सरळ बेसुरा लागतो. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी छोटी पेटी) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्ट हे बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा उद्योग कुणी करू नका, जिवावर बेतेल. सगळी सामग्री एकाच फेजवरून, एकाच बोर्डावरून घ्या. दिव्यांचे डिमर वेगळ्या लाइनवर.

जाहीर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाचा पोलीस परवाना आणि ध्वनिमुद्रणं वाजवण्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या संगीत हक्कांच्या संस्थांचे परवाने आधी विचारून घ्या. हॉलवाले शेवटच्या दिवशी मागतात.

---

पंचवटी_पोलॅरॉइड

कार्यक्रम संपला हे कळतं कसं? गर्दी टाळायला जरा आधी निघालं तर चालेल का?

---

गोदाकाठ_सिंथ

निघू नका. शेवटी म्युझिक नॉन स्टॉप हे गाणं असतं. त्यात एकेक जण आपली छोटा एकल तुकडा वाजवतो, कन्सोलमागून बाजूला होतो, वाकून नमस्कार करतो आणि जातो. ह्युटर सर्वात शेवटी. वर व्होल्टेज_नियंत्रित यांनी 'हाताने काय होतं' ते लिहिलंय, ते उघड ऐकू येतं ते इथेच, कारण माणूस गेला की त्याचा थर गळतो आणि उरलेला आवाज तुमच्यासमोर हलका होत जातो. मुंबईत महानगरीची वेळ साधत असेल तर हा भाग सोडायची गरजच पडत नाही. युरोपात शेवटची ट्राम अडचणीची असेल तर जाड कोटाऐवजी कंबरेला बांधता येईल असा पातळ कोट न्या. रांगेतला वेळ वाचतो.